मातीतील जीव आणि शेतातील विषाचा प्रवास

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य प्राथमिक शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलेले असते. वाक्य खरे आहे. गांडूळ माती भुसभुशीत करते, पालापाचोळा कुजवते, मुळांना हवा आणि पाणी मिळवून देते. परंतु गेल्या काही दशकांत आपल्या शेतजमिनीत रासायनिक खते, कीटकनाशके, तणनाशके, प्लास्टिकचे तुकडे आणि शहरांतून आलेला कचरा यांची सतत भर पडत गेली आहे. खालची माती वर आणणे आणि वरची खाली नेणे हा ज्यांचा स्वभावधर्म, ते जीव या नव्या द्रव्यांचे काय करतात? प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. आपल्या शाळेत शिकून गेलेल्या अनेकांची घरे आजही शेतीवर चालतात. कोणी स्वतःच्या जमिनीत राबतो, कोणाचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीने जातात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना आपण विसरलेलो नाही. फवाऱ्यातील विष माणसाच्या अंगावर पडले म्हणजे काय होते, ते त्या वेळी सर्वांना दिसले. तेच विष जमिनीवर पडल्यावर पुढे कोठे जाते, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते ज्या वाटांनी जाते, त्यांतील कित्येक वाटा मातीतील जीवांनी कोरलेल्या असतात, आणि त्यांतील काहींचा शेवट आपल्या विहिरीत होऊ शकतो.

मातीतील वस्ती

शेताच्या मातीत गांडुळाखेरीज वाळवी, मुंग्या, शेणकिडे, हुमणी, वाणी, गोम, उंदीर आणि घुशी असतात. भाताच्या खाचरांत खेकडे असतात. याशिवाय साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा अजिबात न दिसणारे सूत्रकृमी आणि कोलेंबोला नावाचे उड्या मारणारे बारीक जीव असतात. प्रत्येकाची राहणी निराळी, म्हणून माती हलवण्याची रीतही निराळी.

गांडुळांचेच तीन प्रकार मानले जातात. काही गांडुळे पालापाचोळ्यात किंवा शेणाच्या ढिगात राहतात आणि मातीत फारशी शिरत नाहीत. गांडूळखताच्या हौदात सोडतात ती याच प्रकारची. काही मातीच्या वरच्या थरात आडवीतिडवी बिळे करीत माती खात फिरतात. तिसऱ्या प्रकारची गांडुळे उभी, खोल बिळे करतात आणि रात्री वर येऊन पाने ओढून खाली नेतात. विषाच्या प्रवासाचा विचार करताना हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण आडव्या बिळाने माती मिसळते आणि उभ्या बिळाने पाणी थेट खाली उतरते.

खाली नेणारी वाट

मातीतील जीव वस्तू खाली कशा नेतात, याचा पहिला पद्धतशीर अभ्यास चार्ल्स डार्विन यांनी केला. इंग्लंडमधील आपल्या घराजवळच्या एका शेतात त्यांनी 1842 साली खडूचे तुकडे पसरले. तब्बल 29 वर्षांनी, 1871 साली, तेथे चर खणला तेव्हा ते पांढरे तुकडे पृष्ठभागाखाली सुमारे 7 इंचांवर एका रेषेत आढळले. त्यांना कोणी पुरले नव्हते. गांडुळे खालची बारीक माती खाऊन विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकीत होती आणि तिच्या थराखाली खडू दरवर्षी थोडाथोडा झाकला जात होता. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरामागे दरवर्षी 10 टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा अंदाज डार्विन यांनी 1881 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. खडूच्या जागी राख, शिसेयुक्त धूळ किंवा प्लास्टिकचा तुकडा ठेवला, तरी क्रिया तीच राहते.

ही झाली संथ वाट. वेगवान वाट पाण्याची असते.

एरवी पावसाचे पाणी मातीच्या कणाकणांतून झिरपत खाली जाते. या प्रवासात चिकणमातीचे कण आणि कुजलेला सेंद्रिय अंश विषाचे रेणू धरून ठेवतात आणि तेथील सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात. विहिरीच्या पाण्याला मातीचे जे संरक्षण मिळते, ते या संथपणामुळे. परंतु जोराचा पाऊस आला, की पृष्ठभागावर साचलेले पाणी गांडुळाच्या उभ्या बिळात शिरते आणि मधल्या थरांना जवळजवळ स्पर्श न करता खोलवर पोहोचते. धान्य चाळणीतून न गाळता चाळणीच्या भोकातून सांडावे, तसे ते होते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोशॉक्टन येथील संशोधन केंद्रात विल्यम एडवर्ड्स, मार्टिन शिपिटालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नांगरट न केलेल्या मक्याच्या शेतांत या क्रियेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ॲट्राझीनसारखी तणनाशके गांडुळांच्या बिळांतून किती उतरतात, हे त्यांनी तपासले. त्यांच्या निष्कर्षांतील दोन गोष्टी शेतकऱ्याच्या थेट उपयोगाच्या आहेत. पहिली गोष्ट अशी, की फवारणीनंतर लगेच पहिलाच पाऊस मुसळधार झाला, तर सर्वांत अधिक तणनाशक बिळांतून खाली जाते. दुसरी अशी, की मोठ्या पावसाआधी एखादी हलकी सर पडून गेली, तर हे प्रमाण कमी होते; कारण हलक्या सरीने औषध मातीच्या कणांत मुरते आणि कण त्याला धरून ठेवतात.

ओहायोतील गांडुळे मूळची युरोपातील आहेत आणि आपल्या मातीतील जाती वेगळ्या आहेत. म्हणून तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पाण्याचा नियम मात्र सर्वत्र सारखाच. आपल्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगाही हेच काम करतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. पुढे माती फुगते आणि भेगा मिटतात. माळाच्या हलक्या जमिनीत मातीचा थर मुळातच पातळ, त्याखाली मुरूम आणि फटी असलेला काळा पाषाण. अशा ठिकाणी शेताचा पृष्ठभाग आणि विहिरीचे पाणी यांत अंतर थोडेच असते.

येथे गांडुळाच्या बाजूनेही एक साक्ष द्यावी लागेल. त्याच्या बिळाची भिंत साध्या मातीची नसते. चिकट स्राव, कुजलेली पाने आणि विष्ठा यांचे तिला अस्तर असते, आणि ते आजूबाजूच्या मातीपेक्षा अधिक सेंद्रिय व सूक्ष्मजीवांनी समृद्ध असते. पाणी सावकाश जात असेल, तर हे अस्तर तणनाशकाचा काही भाग शोषून घेते आणि तेथील सूक्ष्मजीव त्याचे विघटनही करतात. म्हणजे एकच बीळ हलक्या पावसात गाळणीसारखे आणि ढगफुटीत नळासारखे वागते. त्याचे वर्तन कसे राहील, हे गांडूळ ठरवीत नाही. औषध आणि पाऊस यांच्यामध्ये आपण किती अंतर ठेवले, यावर ते अवलंबून असते.

वर आणणारी वाट

जमिनीत पुरले म्हणजे संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. लुई पाश्चर यांनी 1880 साली तिला धक्का दिला. फ्रान्समधील काही कुरणे तेथील शेतकऱ्यांत शापित म्हणून ओळखली जात. तेथे चरणारी मेंढरे वारंवार काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मरत. अशी जनावरे पूर्वी जेथे पुरली होती, त्या जागेवरील गांडुळांच्या पोटातील माती पाश्चर यांनी तपासली आणि तीत रोगाचे बीजाणू असल्याचे दाखवले. पुरलेल्या मढ्याजवळची माती गांडुळे वर आणतात, ती गवताला लागते आणि रोग पुन्हा कळपात शिरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी त्यास विरोध केला आणि हा वाद गाजला. रोगप्रसारात गांडुळाचा वाटा किती, याविषयी मतभेद असले, तरी अँथ्रॅक्सचे बीजाणू मातीत दशकानुदशके टिकतात, याविषयी दुमत नाही. चराऊ कुरणात किंवा चाऱ्याच्या शेतात मेलेली जनावरे पुरू नयेत, हा पाश्चर यांचा सल्लाही आजवर टिकून आहे.

आपल्या वाचकांना या प्रसंगाची आणखी एक बाजू जाणवल्यावाचून राहणार नाही. मेलेली ढोरे ओढण्याचे आणि सोलण्याचे काम आपल्या वाडवडिलांवर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले होते. अशा रोगाने मेलेले जनावर उघड्या हातांनी हाताळणे किती धोक्याचे आहे, हे आज विज्ञान सांगते. 1927 साली महाड येथे बाबासाहेबांनी हे काम सोडण्याचे आवाहन केले, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. त्या त्यागाने अनेकांचे आरोग्यही राखले गेले असेल.

वर आणण्याचे काम वाळवी आणखी खोलवरून करते. वारुळासाठी लागणारी बारीक, ओलसर माती ती कित्येकदा फार खालून आणते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील दकार्गल या प्रकरणात भूगर्भातील पाणी शोधण्याच्या खुणांमध्ये वारुळाचा उल्लेख वारंवार येतो. ऑस्ट्रेलिया व आफ्रिकेत वारुळांच्या मातीचे पृथक्करण करून खाली दडलेल्या धातूंचा अंदाज घेतला जातो. म्हणून खाणीचा किंवा कारखान्याचा गाळ वरवर मातीने झाकला, तर तो कायम झाकलेला राहील असे गृहीत धरता येत नाही.

शरीरातून जाणारी वाट

तिसरी वाट अन्नाची. गांडूळ माती गिळते, आणि मातीत जे असेल ते त्याच्या आतड्यातून जाते. काही द्रव्ये तशीच बाहेर पडतात, काही अंगात साठतात. जड धातूंपैकी कॅडमियम गांडुळाच्या शरीरात विशेष साठतो. त्याला बांधून ठेवणारी प्रथिने गांडुळात असतात, त्यामुळे गांडूळ तगते, पण धातू आतच राहतो. परिणामी सभोवतीच्या मातीपेक्षा गांडुळाच्या अंगातील कॅडमियमचे प्रमाण कित्येक पट अधिक असू शकते. शिसे सामान्यतः त्या मानाने कमी साठते. कॅडमियम शेतात येतो तो कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर, शहरी कचऱ्याबरोबर आणि काही प्रमाणात स्फुरदयुक्त खतांबरोबर, कारण ती ज्या खडकापासून बनवतात त्यात तो नैसर्गिकरीत्या असतो.

नांगराच्या मागे मागे बगळे, मैना आणि कावळे चालतात, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. उघड्या पडलेल्या गांडुळातील साठा अशा रीतीने पक्ष्याच्या पोटात जातो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1950 नंतरच्या दशकात एल्म वृक्षांवरील रोग रोखण्यासाठी डीडीटीची फवारणी झाली. फवारलेली पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली आणि ती गांडुळे खाऊन रॉबिन पक्षी तडफडून मेले. पक्षिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉलेस यांनी विद्यापीठाच्या आवारात हे नोंदवले, आणि रेचल कार्सन यांनी 1962 साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथातून ते जगापुढे मांडले. फवारणी झाडांवर झाली, मरण मात्र वर्षभराने, मातीतून फिरून, पक्ष्यांना आले. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर 1989 साली बंद करण्यात आला.

प्लास्टिकची नवी भर

अलीकडे या यादीत प्लास्टिकची भर पडली आहे. कलिंगड, मिरची, टोमॅटो यांसाठी आपल्याकडे गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरतात. पीक निघाल्यावर तो पूर्णपणे गोळा केला नाही, तर उन्हाने त्याचे तुकडे होतात आणि नांगरटीत ते मिसळतात. बर्लिन येथील मातीशास्त्रज्ञांनी 2017 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुंड्यांतील मातीवर सुमारे पाऊण ते पावणेतीन मिलिमीटर आकाराचे पॉलिथिनचे कण टाकले आणि त्यांत गांडुळे सोडली. तीन आठवड्यांत गांडुळांनी हे कण खाली नेले, आणि सर्वांत बारीक कण सर्वांत खोल गेले. कोलेंबोलासारखे सूक्ष्म जीवही असे कण थोड्या अंतरापर्यंत सरकवतात, असे दिसून आले आहे. तुकडा जितका लहान, तितका तो परत वेचणे अशक्य. म्हणून मल्चिंग पेपर अखंड असतानाच उचलणे, हाच एक व्यवहार्य उपाय आहे.

जीव नसते तर?

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की मग मातीत जीव नसलेलेच बरे. हा प्रयोगही नकळत होऊन गेला आहे. इंग्लंडमधील विस्बेच भागातील सफरचंदाच्या बागांवर दीर्घकाळ ताम्रयुक्त फवारण्या झाल्या. तांबे मातीच्या वरच्या थरात साठले, गांडुळे नाहीशी झाली आणि झाडांखाली न कुजलेल्या पाल्याचा जाड गादीसारखा थर साचला. विष जेथे पडले तेथेच राहिले, पण मातीचे कामही थांबले. आपल्याकडे नाशिक, सांगली भागातील द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण नेहमीचे आहे. त्यातही मोरचूद, म्हणजे तांबेच असते. तांबे कुजत नाही आणि उडूनही जात नाही, ते साठत जाते.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील कोरडवाहू गव्हाचे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ज्या शेतांत मुंग्या आणि वाळवी राहू दिल्या, तेथे त्या काढून टाकलेल्या शेतांच्या तुलनेत गव्हाचे उत्पादन 36 टक्क्यांनी अधिक आले. त्यांच्या बिळांमुळे पावसाचे पाणी मुरले, हे एक प्रमुख कारण. ज्या बिळांतून विष उतरू शकते, त्याच बिळांतून पिकाला पाणी मिळते. तेव्हा बिळे बंद करणे हा मार्ग नव्हे. त्यांत काय उतरू द्यायचे, हे पाहणे आपल्या हाती आहे.

आपण काय करू शकतो

पहिली काळजी वेळेची. हवामानाचा अंदाज पाहून, जोराच्या पावसाची शक्यता असेल तर तणनाशक, कीटकनाशक किंवा पातळ शेणखत देणे पुढे ढकलावे. वर्षावासाची प्रथा सुरू झाली तेव्हा, पावसाळ्यात चालताना हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडले जातात अशी लोकांची तक्रार होती, असे विनयपिटकात नमूद आहे. मातीतील जीव पावसाळ्यातच सर्वाधिक जागे असतात, हे त्या काळच्या सामान्य लोकांनाही ठाऊक होते. विष खाली उतरण्याचा काळही तोच असतो.

दुसरी काळजी जागेची. विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ औषध कालवू नये, फवारणी पंप तेथे धुऊ नये, रिकामे डबे बांधावर टाकू नयेत. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून काळपट रक्त आले, तर ते उघडू नये, कारण हवा लागताच अँथ्रॅक्सचे बीजाणू तयार होतात; प्रथम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे.

तिसरी काळजी गांडूळखताची. गांडुळे कचऱ्याचे सोने करतात हे खरे, पण धातू नाहीसा करण्याची विद्या त्यांच्याजवळ नाही. कचरा कुजून त्याचे वजन घटते, धातू मात्र बहुतांशी तेवढाच राहतो. म्हणून तयार खतात त्याचे प्रमाण वाढलेले आढळू शकते. बॅटऱ्या, रंगाचे डबे, छापील प्लास्टिक मिसळलेला शहरी कचरा गांडूळखतासाठी घेऊ नये. घरचे शेण, पालापाचोळा, भाजीपाल्याचे अवशेष हेच उत्तम.

चौथी गोष्ट तपासणीची. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटकांची नोंद असते. त्यांत तांब्याचा समावेश आहे. द्राक्षबागायतदारांनी तो आकडा दरवेळी पाहून मागील नोंदीशी ताडावा. शिसे, कॅडमियम किंवा कीटकनाशकांचे अवशेष या पत्रिकेत नसतात, हेही ध्यानात असावे. पत्रिका चांगली आली, म्हणजे माती निर्विष आहे असा तिचा अर्थ होत नाही.

शेवटी एक प्रयोग विद्यार्थ्यांसाठी. शेतातील पाण्याच्या वाटा पाहण्याकरिता शास्त्रज्ञ जो निळा रंग वापरतात, तो खाद्यपदार्थांतही वापरला जातो आणि सहज मिळतो. शाळेच्या बागेत हातभर चौरस जागा साफ करून तेथे या रंगाचे काही लिटर पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशी कुदळीने शेजारी खड्डा घेऊन मातीची उभी बाजू तासावी. वरचा थोडा भाग सर्वत्र निळा दिसेल. त्याखाली मात्र निळ्या रंगाची बोटे खोल गेलेली दिसतील. प्रत्येक बोटाच्या जागी एक बीळ, एक मूळ किंवा एक भेग असेल. सर्वांत खोल बोट किती सेंटिमीटर उतरले, ते मोजून वहीत लिहावे. नंतर शेजारीच दुसरी जागा घेऊन आधी हलके साधे पाणी शिंपडावे, मग रंगीत पाणी ओतावे आणि दोन्हींची तुलना करावी.

गावाकडे सुट्टीत जाणाऱ्या मुलांनी हा प्रयोग आपल्या शेतात आईवडिलांना करून दाखवावा, अशी आमची विनंती आहे. शेतात काय टाकायचे, किती आणि केव्हा, याचा निर्णय घरातच होतो. एकदा ते मातीवर पडले, की त्याची पुढील वाट गांडुळे, वाळवी आणि पाऊस मिळून ठरवतात.